खुनी आधीच कळला तर?

पी.एल. लागली की होस्टेलवर अभ्यासाच्या पुस्तकांपेक्षा रहस्यकथा जास्त फिरतात, हे रेक्टर सरांनाही ठाऊक आहे. वाचून झालं की मेसमध्ये निकाल लागतो: ‘भारी आहे’ नाहीतर ‘बोअर आहे राव’. पण भारी म्हणजे नक्की काय? माझ्या मते दोनच गोष्टी तपासाव्यात, गोष्टीचा वेग आणि तिचा शेवट. उदाहरण घेतो ‘फास्टर फेणे’ या २०१७ च्या मराठी सिनेमाचं, कारण त्यातला खून आपल्याच वयाच्या मुलाचा आहे.

भा. रा. भागवतांचा (१९१०-२००१) बनेश फेणे मूळचा फुरसुंगीचा शाळकरी पोरगा. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांनी त्याला मोठा करून मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात आणला. परीक्षेच्या वेळी ओळख झालेला एक मुलगा मरतो आणि सगळे म्हणतात, आत्महत्या. बन्याला (अमेय वाघ) ते पटत नाही. आणि गंमत अशी की यामागचा आप्पा (गिरीश कुलकर्णी) कोण, हे आपल्यापासून शेवटपर्यंत झाकून ठेवलेलंच नाही.

मग उरलं काय? इथेच वेगाचा प्रश्न येतो. आपण अकरावीला अंतर आणि विस्थापन शिकलो. गावभर फिरून पुन्हा खोलीवर आलं तर अंतर भरपूर, विस्थापन शून्य. रहस्यकथेतल्या पाठलागांचं तसंच आहे. धावपळ कितीही असो, तिच्यानंतर आपल्याला आधीपेक्षा काही जास्त कळलं का, किंवा आपला संशय जागचा हलला का? नसेल तर ती गोष्ट पळतेय पण पुढे सरकत नाहीये. या सिनेमाचा पूर्वार्ध मला म्हणूनच आवडतो, प्रत्येक प्रसंगाला एक नवा धागा हाती येतो. उत्तरार्धात धावपळ वाढते आणि विस्थापन कमी होतं. आप्पा पडद्यावर आला की मात्र पुन्हा ताण बसतो, त्याचं श्रेय नटाला.

आता शेवट. साधा नियम असा की गणितात जे दिलेलं आहे तेवढ्यावरच उत्तर निघालं पाहिजे. शेवटच्या पानावर कुणी जुळा भाऊ उगवला तर ते गणितच चुकीचं छापलंय. अ‍ॅगाथा ख्रिस्तीची रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनाची कादंबरी (१९२६) संपवून पुन्हा पहिल्यापासून वाचा. सगळं समोरच लिहिलेलं होतं, हे बघून स्वतःचीच चीड येते. ‘दृश्यम’मध्ये तर मेलेला कोण, मारलं कुणी, हे सगळं आपण आधी बघतो. तरी शेवट हादरवतो, कारण ज्या जागेपाशी गोष्ट संपते ती जागा आपण येता-जाता बघितलेली असते.

‘फास्टर फेणे’त असा धक्का नाही. काही मित्रांची तक्रार तीच आहे. मला ती पटत नाही. इथे प्रश्न ‘कोण’ हा नव्हताच. एका पोरानं परीक्षेच्या दडपणानं जीव दिला, असा शिक्का मारून प्रकरण मिटवलं जातंय, तो शिक्का पुसला जाणार का, हा प्रश्न होता. घरापासून लांब राहून परीक्षा देणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यातली बोच वेगळी सांगायला नको. खोलीवरच्या बाकी रहस्यकथा याच कसोटीवर लावून बघा: खुनी सापडेपर्यंत मेलेल्याचं नावसुद्धा लेखक विसरलेला असतो. तो फक्त पहिल्या प्रकरणातलं प्रेत! बन्या विसरत नाही. वर्दी नाही, अधिकार नाही, मोठी माणसं ऐकायला तयार नाहीत, तरी दोन घटकांच्या ओळखीच्या पोरासाठी तो हटून बसतो. म्हणून आप्पा हाती लागणं एवढ्यावर हा शेवट मी मोजत नाही. त्या मुलाबद्दलचं खरं काय ते बाहेर आलं का, एवढंच बघतो, आणि तिथे हा सिनेमा पास आहे. उत्तरार्धातली वीसेक मिनिटं कापली असती तर फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन.