बाजार पडलाय, एसआयपी थांबवू का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लेखी भाग.

बाजार सलग दोन-तीन दिवस पडला की आपल्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. "एसआयपी थांबवू का?" "सगळं काढून एफडीत टाकू का?" विचारणारे बरेचसे पंचविशीतले. पहिली-दुसरी नोकरी, महिन्याला दोन-पाच हजारांची एसआयपी. रक्कम छोटी वाटेल, पण रूमचं भाडं, मेस आणि घरी पाठवायचे पैसे वजा करून उरलेली ती रक्कम असते. त्यामुळे भीती वाटणारच. आज आपण त्या भीतीचं करायचं काय, एवढंच बघणार आहोत.

तोटा जास्त का बोचतो?

एक खेळ समजा. नाणं उडवायचं. छापा आला तर तुम्हाला १,००० रुपये मिळणार, काटा आला तर तुमचे १,००० जाणार. खेळाल? बहुतेक लोक नाही म्हणतात. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वेर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये याच वागण्यावर गाजलेला सिद्धांत मांडला. पुढे त्यांनी अंदाज काढला, की तोट्याचं दुःख तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा साधारण दुप्पट असतं. कानेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता हे तुमच्या ॲपला लावून बघा. शेअर बाजारात चढलेले दिवस पडलेल्या दिवसांपेक्षा थोडेसेच जास्त असतात. म्हणजे रोज ॲप उघडलं तर जवळपास निम्म्या वेळा लाल रंग दिसणार, आणि तो लाल हिरव्याच्या दुप्पट बोचणार. वर्षाच्या शेवटी पैसे वाढले असले तरी वर्षभर मनाला तोटाच झाल्यासारखं वाटत राहतं. श्लोमो बेनार्ट्झी आणि रिचर्ड थेलर यांनी १९९५ मध्ये हाच मुद्दा मांडला होता: जितक्या वेळा बघाल, तितकी जोखीम मोठी वाटेल.

जून २०२४ आठवा. ३ तारखेला एक्झिट पोलच्या जोरावर सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी वर गेला. ४ तारखेला, निकालाच्या दिवशी, जवळपास ४,३९० अंकांनी खाली आला. आणि ७ तारखेला तो ३ तारखेच्याही वर बंद झाला. महिन्यातून एकदाच ॲप उघडणाऱ्याला यातलं काही कळलंही नसेल. ज्याने ४ तारखेला दुपारी विकलं, त्याचा तोटा मात्र कायमचा झाला.

"पण खरंच मोठी पडझड झाली तर?"

होते की. १४ जानेवारी २०२० ला निफ्टी १२,३६२ वर बंद झाला होता. २३ मार्चला ७,६१०. सव्वादोन महिन्यांत ३८ टक्के साफ! नोव्हेंबरमध्ये तो परत जानेवारीच्या पातळीवर आला. त्या काळात ज्याची ५,००० ची एसआयपी चालू राहिली, त्याला १०० रुपये एनएव्हीला ५० युनिट मिळत असतील, तर तीच एनएव्ही ६२ झाल्यावर ८० मिळाले. एसआयपी थांबवणाऱ्याने नेमकी हीच स्वस्तातली खरेदी सोडली.

पण दरवेळी आठ-दहा महिन्यांतच सगळं भरून येतं असं समजू नका. जानेवारी २००८ ची पातळी निफ्टीने नोव्हेंबर २०१० मध्ये जेमतेम गाठली आणि परत खाली आला. त्या पातळीच्या वर नीट टिकायला जवळपास सहा वर्षं लागली. म्हणून जे पैसे तीन वर्षांत लागणार आहेत, मग ते लग्नासाठी असोत, फीसाठी किंवा घराच्या डाउन पेमेंटसाठी, ते शेअर बाजारात ठेवूच नका. तिथे कितीही संयम ठेवला तरी उपयोग नाही.

आणि हे गणित निफ्टीसारख्या इंडेक्सचं आहे, एकेका शेअरचं नाही. यस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० रुपयांच्या आसपास होता, मार्च २०२० मध्ये २० च्या खाली आला. "माझा खरेदीचा भाव आला की विकतो" म्हणत थांबलेले अजून थांबलेच आहेत. हीसुद्धा भावनाच आहे बरं का. विकलं की आपण चुकलो हे मान्य करावं लागतं, म्हणून आपण पडलेला शेअर धरून बसतो आणि चांगला चाललेला पटकन विकून टाकतो.

भीतीची दुसरी बाजू

बाजार वर असताना दुसरीच भावना काम करते. ऑफिसमधला एखादा जण ऑप्शनमधला नफा दाखवतो आणि आपल्याला वाटतं, आपणच मागे राहिलो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत इक्विटी एफ अँड ओमध्ये ट्रेडिंग करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर होता. तोट्याचे स्क्रीनशॉट कोणी ग्रुपवर टाकत नाही, म्हणून आपल्याला फक्त उरलेले ७ टक्के दिसतात.

मग करायचं काय?

"भावना बाजूला ठेवा" हा सल्ला मला पटत नाही. ते जमतच नाही. जमतं ते एवढंच, की निर्णय शांत असताना घ्यायचा आणि घाबरलेले असताना फक्त तो पाळायचा. आमच्या कामात रात्री दोनला सर्व्हर पडला की कोणी नवीन डिझाइन करत बसत नाही. आधी लिहून ठेवलेलं रनबुक उघडायचं आणि पायऱ्या पाळायच्या. पैशांचंही तसंच रनबुक बनवा.

१. सहा महिन्यांचा खर्च बचत खात्यात किंवा एफडीत वेगळा ठेवा. नोकरी गेली म्हणून विकावं लागणं ही भीती नाही, गरज आहे. ती वेळ बाजार तळाला असताना येऊ नये, यासाठी हा पैसा.

२. प्रत्येक गुंतवणुकीसाठी तीन ओळी लिहा: का घेतलं, पैसे कधी लागणार, कशामुळे विकेन. "भाव पडला" हे शेवटच्या ओळीचं उत्तर होऊ शकत नाही. "कंपनीचं कर्ज वाढत चाललंय" किंवा "घराचं डाउन पेमेंट जवळ आलंय" हे होऊ शकतं.

३. भावाची नोटिफिकेशन्स बंद करा. तीन महिन्यांतून एक तारीख ठरवा, त्या दिवशी बघा.

४. मध्येच विकावंसं किंवा अचानक मोठी खरेदी करावीशी वाटली, तर तीन दिवस थांबा. तिसऱ्या दिवशी त्या तीन ओळी वाचा. कारण तिथे लिहिलेलं असेल तर बिनधास्त करा.

तर मूळ प्रश्न: एसआयपी थांबवू का? पगार चालू आहे, इमर्जन्सीचे पैसे बाजूला आहेत, ही रक्कम पाच-सात वर्षं लागणार नाही आणि फंड डायव्हर्सिफाइड आहे, तर फक्त बाजार पडला म्हणून थांबवू नका. यातलं एखादं उत्तर "नाही" असेल, तर आधी तिथे लक्ष द्या, गरज पडली तर एसआयपीची रक्कम कमीही करा.

आज बाजार शांत असेल तर उत्तमच. फोनमधलं नोट्स ॲप उघडा, त्या तीन ओळी आत्ताच लिहून टाका. काही अडलं तर नेहमीप्रमाणे व्हॉइस नोट पाठवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!