संग्रहालयात लग्न : विसार देण्याआधी दूर करायचे गैरसमज

हरिहरेश्वरला लग्न ठरलं की दोन दिवसांचं वऱ्हाड, काळभैरवाचं दर्शन, सावित्रीच्या मुखाशी फोटो हे ओघानं आलंच. मग घरातला कुणीतरी हौशी विचारतो, दिघीहून जंगलजेटीनं आगरदांड्याला उतरलं की जंजिरा जवळच, रिसेप्शन तिथेच करू या का? दुसरा म्हणतो, त्यापेक्षा मुंबईला परतल्यावर एखाद्या म्युझियममध्ये करू. प्रश्न वेडगळ नाहीत. जगभरची संग्रहालयं जागा भाड्यानं देतात आणि आपल्याकडेही विचारणा होते. गडबड होते ती जागेला मंगल कार्यालय समजल्यामुळे. नेहमी कानावर येणारे काही समज तपासून पाहू.

गैरसमज : सरकारी वास्तू आहे, भाडं भरलं की मिळते.

वस्तुस्थिती : जंजिरा, अलिबागचा कुलाबा किल्ला आणि रायगड ही केंद्राची संरक्षित स्मारकं आहेत. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली १९५९ मध्ये नियम झाले. त्यांतला सातवा नियम सांगतो की केंद्र सरकारच्या लेखी परवानगीशिवाय तिथे सभा, स्वागत समारंभ, मेजवानी किंवा करमणुकीचा कार्यक्रम करता येत नाही. सवलत आहे ती मान्य धार्मिक वहिवाटीला, आपल्या घरच्या रिसेप्शनला नव्हे. आठव्या नियमानं नेमून दिलेल्या जागेखेरीज स्वयंपाक आणि खाणंपिणंही बंद. स्मारकाची नासधूस झाली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

लोकभावनेचा भाग वेगळाच. सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातले किल्ले हॉटेलांना आणि लग्नसमारंभांना देणार अशी बातमी आली आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. शिवकालाशी जोडलेले संरक्षित किल्ले यात नाहीत, असा खुलासा सरकारला लगोलग करावा लागला.

गैरसमज : म्युझियममध्ये लग्न म्हणजे थेट दालनात मांडव.

वस्तुस्थिती : सहसा मिळतं ते अंगण, हिरवळ, सभागृह किंवा उपाहारगृहाचा भाग. भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये खुलं झालं आणि मोठ्या जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये पुन्हा उघडलं. तिथे गाण्याचे, नाटकाचे कार्यक्रम होतात ते इमारतीमागच्या मोकळ्या प्रांगणात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं कुमारस्वामी सभागृह लोकांना माहीत आहे ते हातमागाच्या प्रदर्शन-विक्रीमुळे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये देवमाशाच्या प्रचंड सांगाड्याखाली मेजवान्या झडतात हे खरं; पण तो सांगाडा छताला टांगलेला असतो आणि हाडं रेशमाइतकी नाजूक नसतात. कोणती जागा द्यायची हे आत काय ठेवलं आहे यावर ठरतं, पाहुणे किती यावर नव्हे.

गैरसमज : फुलं, अक्षता, हळद ही तर मंगल द्रव्यं, त्यांनी काय बिघडतं?

वस्तुस्थिती : झेंडू-शेवंतीच्या माळा टेम्पोतून उतरतात तेव्हा त्यांच्याबरोबर तांदळाच्या दाण्याहून लहान, ठिपकेदार भुंगेरेही आत येऊ शकतात. हे भुंगेरे परागावर जगतात आणि एरवी निरुपद्रवी असतात. पण मादी अंडी घालते ती लोकर, रेशीम, पिसं, कातडं असेल अशा फटीत, आणि अंड्यांतून निघणाऱ्या केसाळ अळ्या तेच खातात. लग्न आटोपून महिने उलटतात आणि कपाटातल्या जुन्या पैठणीला भोकं दिसू लागतात. तोवर फुलांची आठवणही कुणाला राहिलेली नसते.

अक्षतांचे तांदूळ फरशीच्या सांध्यांत अडकले की मुंग्या, झुरळं आणि मागोमाग उंदीर ठरलेले. हळद आणि कुंकू जांभ्यासारख्या सच्छिद्र दगडात मुरतात. वरून घासलं तर डाग आणखी आत जातो. म्हणून जाणती संग्रहालयं हळदीला नाही म्हणतात, अक्षतांऐवजी पाकळ्या चालतील का हेही तपासून सांगतात आणि लाजाहोम उघड्यावर, वाऱ्याची दिशा पाहून करायला लावतात. धुराची काजळी चित्रांवर बसली की ती काढायला तज्ज्ञ लागतो.

गैरसमज : पाहुणे नुसते उभे राहणार, वस्तूंना हात कोण लावतंय?

वस्तुस्थिती : हात न लावताही माणूस खोली बदलतो. शांत बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडते. २०० पाहुणे म्हणजे २० किलोवॅट : बंद खोलीत एक किलोवॅटचे वीस हीटर लावल्यासारखं. त्यात श्वासाची आणि घामाची वाफ. नाचायला लागले तर हे सगळं आणखी वाढतं. कोकणपट्टीची हवा मुळातच दमट, त्यामुळे लाकूड फुगतं, कागद पोचट होतो, बुरशी धरते. समारंभ संपून दालन रिकामं झालं की तीच लाकडं पुन्हा आकसतात, आणि तडे जातात ते या फुगण्या-आकसण्यातून.

प्रकाशाचंही तसंच. कापड, कागद, जलरंगातली चित्रं यांच्यासाठी साधारण ५० लक्सची मर्यादा पाळतात. व्हिडिओवाल्याचे दिवे तिच्या कितीतरी पट प्रखर असतात, आणि रंग एकदा उडाला की तो परत येत नाही.

गैरसमज : डीजे बाहेर अंगणात असेल तर काहीच अडचण नाही.

वस्तुस्थिती : मँचेस्टरच्या संग्रहालयात काचेच्या बंद पेटीतली एक लहान इजिप्शियन मूर्ती आपोआप फिरते म्हणून २०१३ मध्ये जगभर बातम्या झाल्या. शापाच्या गोष्टीही निघाल्या. कारण साधं होतं : मूर्तीचा तळ किंचित फुगीर, आणि रस्त्यावरच्या वाहतुकीच्या व लोकांच्या पावलांच्या कंपनानं ती रोज थोडी थोडी वळत होती. रहदारीनं मूर्ती फिरते तर अंगणातल्या बेसनं फडताळावरची मडकी सरकायला किती वेळ लागेल?

शिवाय २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातून मोजके दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत मुभा देऊ शकतं, पण ती सार्वजनिक सणा-उत्सवांसाठी. घरचं लग्न त्यात बसत नाही.

गैरसमज : मुहूर्त आमचा, वेळ जागेनं जुळवून घ्यायची.

वस्तुस्थिती : संग्रहालय आधी प्रेक्षकांचं. सकाळी साडेअकराचा मुहूर्त हवा असेल तर आठवडी सुटीचा वार गाठावा लागतो. गोरज मुहूर्तही अवघडच : साडेपाचला शेवटचा प्रेक्षक बाहेर पडणार, तोवर मंडपवाल्याची गाडी फाटकाबाहेर, आणि दिवेलागणीला अंतरपाट धरायचा! म्हणून लग्न गावात, देवळात किंवा कार्यालयात लावावं आणि संग्रहालयात संध्याकाळचं स्वागत ठेवावं, ही वाटणी बहुतेकांना सोयीची पडते. दहाला गाणं बंद करून त्याच रात्री सामान उचलण्याचं वेळापत्रक केटरर आणि डेकोरेटर दोघांच्या सहीनं घ्यावं.

गैरसमज : धर्मादाय न्यास आहे, मग जीएसटी कसला? आणि गाण्यांचं लायसन्स तर हवंच.

वस्तुस्थिती : बरेचदा दोन्ही उलट. संग्रहालयाच्या प्रवेशतिकिटाला जीएसटी माफ आहे, पण समारंभासाठी दिलेल्या जागेच्या भाड्याला नाही. न्यास जीएसटीत नोंदलेला असेल तर तिथे १८ टक्के लागतात. धर्मस्थळाच्या आवारातल्या कार्यालयाला माफी मिळते, तीही भाडं दिवसाला १०,००० रुपयांच्या आत असेल तर. संग्रहालय धर्मस्थळ नव्हे.

गाण्यांच्या बाबतीत कॉपीराइट कायद्याचं ५२ वं कलम लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले सोहळे यांना सूट देतं. केंद्रानं जुलै २०२३ मध्ये जाहीर पत्रकानं ते पुन्हा स्पष्ट केलं. मात्र त्याच अंगणात कंपनीची पार्टी असेल तर ही सूट नाही. दारू ठेवायची तर उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना लागतो, आणि तो मिळाला तरी जागेचा मालक नाही म्हणू शकतो.

गैरसमज : एवढी कटकट असेल तर हरिहरेश्वरचा किनारा बरा, तिथे कुणाचे नियम नाहीत.

वस्तुस्थिती : भरती-ओहोटीच्या रेषांमधला पट्टा सागरी किनारा नियमनाखाली येतो आणि वाळू कुणाच्या हॉटेलची खासगी नसते. तुळशीचं लग्न लागलं की आपला लग्नांचा हंगाम सुरू होतो, आणि साधारण त्याच दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यांवर अंडी घालायला येऊ लागतात. हरिहरेश्वरचा किनारा त्यांत आहे. सावित्रीपलीकडचं वेळास तर कासव महोत्सवासाठीच ओळखलं जातं. अंड्यांतून निघालेलं पिल्लू उजेडाकडे धावतं. अंधाऱ्या किनाऱ्यावर सर्वांत उजळ असतो समुद्र; मांडवाचे फोकस लागले की ते उलटं वळतं आणि सुरूच्या झाडीत जाऊन मरतं. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. किनाऱ्यालगत समारंभ असेल तर दिवे जमिनीकडे वळवून, समुद्राकडची बाजू अंधारी ठेवून, आणि वनखात्याला विचारूनच करावा.

गैरसमज : सतत नाही म्हणणारा को-ऑर्डिनेटर धंदा गमावतो.

वस्तुस्थिती : तो वाद टाळतो. डिपॉझिट कापलं, मांडव अर्ध्यावर थांबवला, आचाऱ्याची शेगडी विझवायला लावली, या भांडणांचं मूळ बहुधा पहिल्या भेटीत न बोललेल्या गोष्टींत असतं. म्हणून विसार देण्याआधी पाच गोष्टी कागदावर घ्याव्यात : नेमकी कोणती जागा आणि किती माणसं, सामान केव्हा आत, केव्हा बाहेर, फुलं, आग आणि अन्न यांना कुठवर परवानगी, नुकसानीचा विमा कुणाचा, आणि सरकारी परवानग्या कोण आणणार. ज्या जागेचा माणूस पहिल्याच भेटीत चार गोष्टींना नाही म्हणतो, तिथे निर्धास्त विसार द्यावा. जो सगळ्यालाच हो म्हणतो, त्याच्याकडे आधी परवानगीचा कागद मागावा.