धाप कां लागते?

ठाण्यांतील टेंभी नाक्यावर नवरात्रांत देवीच्या दर्शनास केवढी दाटी होते, हें ठाणेकरांस सांगावयास नकोच. त्या गर्दींतून वाट काढीत गाडी गांठण्यासाठीं आपण झपाझप स्टेशनाकडे निघालों, कीं लौकरच धाप लागते. अंगास अधिक प्राणवायु हवा म्हणून ही धाप, असें बहुतेक वाचक म्हणतील. तें खरें आहे, पण अर्धेंच. धांवपळीनें स्नायूंत कर्बद्विप्राणिल वायु अधिक निपजतो. रक्तांतील पाण्याशीं त्याचा संयोग होऊन कर्बाम्ल बनतें. आणि हा वायु बाहेर टाकून रक्ताची आम्लता आवरणें, हेंही श्वासाचें तितकेंच मोठें काम आहे.

आम्लता मोजण्याचें माप पीएच. निरोगी माणसाच्या धमनींतील रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्याच मर्यादेंत राहतो. आंकडा उतरला, कीं आम्लता वाढली असें समजावें. मेंदूच्या बुडाशीं असलेलें श्वासकेंद्र या वायूवर अखंड नजर ठेवितें, ही गोष्ट हॉल्डेन व प्रीस्टली या ब्रिटिश संशोधकांच्या १९०५ सालच्या प्रयोगांनीं पुढें आली. वायु वाढला कीं श्वास खोल व जलद होतो, घटला कीं मंदावतो. मूत्रपिंडेंही आम्ल काढून टाकितात, पण त्यांच्या कामास कित्येक तास, प्रसंगीं दिवस लागतात. श्वासाचा परिणाम मिनिटांत दिसतो.

मग मुद्दाम भराभर श्वास घेऊन आम्लता घालवावी काय? मुळींच नाहीं. तसें केल्यास वायु प्रमाणाबाहेर निघून जातो, रक्त फाजील क्षारधर्मी होतें, बोटांस मुंग्या येतात आणि भोंवळही येते. प्राणायामाची शास्त्रीय परीक्षा करण्यासाठीं स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें. तोही अभ्यास जाणत्यापाशीं, बेताबेतानेंच करावा.

घरांतील वडील मंडळींस आमचें विशेष सांगणें एवढेंच. मधुमेही माणूस, मग तो आजोबा असो वा शाळकरी मूल, बसल्या जागीं खोल व जोराचे श्वास घेऊं लागला, त्यास मळमळूं लागलें, तोंडास पिकल्या फळासारखा वास येऊं लागला, तर त्याचें रक्त आम्लानें भरत आहे आणि श्वास त्याशीं झुंजत आहे, असें समजावें. जर्मन वैद्य कुसमाउल यानें १८७४ सालीं या श्वासाचें वर्णन केलें. अशा वेळीं घरगुती उपाय करीत न बसतां रोग्यास तत्काळ इस्पितळांत न्यावें. नाक्यावरची धाप घटकाभर विसाव्यानें उतरते. ही विसाव्यानें उतरत नाहीं.