आधी निदान, मग सुई

“मामा, केसांसाठी पीआरपीचं सहा सिटिंगचं पॅकेज आहे. आज पैसे भरले तर दोन सिटिंग फुकट. भरू का?”

भाच्याचा फोन होता. वय २७. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांत केस मागे सरकलेले, आणि घरात स्थळं बघायला नुकतीच सुरुवात झालेली. मी विचारलं, “डोकं कुणी तपासलं?” तो थांबला. तपासलं कुणीच नव्हतं. क्लिनिकमधल्या काउन्सेलरने मोबाइलवर चार फोटो काढले होते आणि दरपत्रक पुढे केलं होतं. डॉक्टर पहिल्या सिटिंगच्या दिवशी भेटणार होते.

त्या फोननंतर पीआरपीबद्दल मिळेल ते वाचत गेलो, त्वचारोगतज्ज्ञांना विचारत गेलो. हा उपचार निव्वळ थोतांड आहे असं म्हणणारे चुकतात. पण टकलावर केस उगवून देतो असं सांगणारे त्याहून जास्त चुकतात, आणि त्यांच्या चुकीची किंमत समोरचा माणूस भरतो.

पीआरपी म्हणजे प्लेटलेट रिच प्लाझ्मा. दंडातून साधारण २० मिलिलिटर रक्त काढतात आणि ते गोठू नये म्हणून औषध घातलेल्या नळीत घेतात. नळी सेंट्रिफ्यूज यंत्रात गरगर फिरवली की रक्ताचे थर वेगळे होतात. तळाशी गडद लाल पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा, आणि दोन्हींच्या मधे दुधावरच्या सायीसारखा एक पातळ पांढुरका पट्टा. प्लेटलेट या पट्ट्यात आणि त्याच्या लगतच्या प्लाझ्मात दाटलेल्या असतात. तेवढा भाग वेगळा काढला की हातात दोन-चार मिलिलिटर द्रव उरतो. बारीक सुईने तो डोक्याच्या कातडीत थोड्या थोड्या अंतरावर टोचतात.

प्लेटलेटचं नाव आपल्याकडे डेंग्यूमुळे घरोघरी पोचलं आहे. रक्त थांबवणं हे त्यांचं मुख्य काम. पण त्यांच्या पोटातल्या कणांत वाढीला चालना देणारी प्रथिनंही भरलेली असतात. जखम झाली की ती बाहेर पडतात, नव्या रक्तवाहिन्या फुटायला आणि पेशी वाढायला मदत करतात. हीच प्रथिनं केसाच्या मुळाशी नेऊन पोचवली तर केस वाढीच्या अवस्थेत जास्त काळ राहील, असा यामागचा तर्क आहे. तर्क पटण्यासारखा आहे. मात्र वैद्यकात नुसता तर्क पटून भागत नाही.

‘हे अगदी नवं तंत्रज्ञान आहे’

तसं नाही. पीआरपी हा शब्द रक्तशास्त्रात १९७० च्या दशकापासून आहे. प्लेटलेट कमी झालेल्या रुग्णांना देण्यासाठी हा द्रव वापरला जाई. १९९० च्या दशकात जबड्याच्या हाडांच्या शस्त्रक्रियेत त्याचा वापर वाढला. केसांकडे तो आला २००६ च्या सुमारास. ब्राझीलमधल्या एका प्लास्टिक सर्जनने प्रत्यारोपणाआधी केसांची मुळं या द्रवात भिजवून लावली. तशी मुळं लावलेल्या भागात केसांची दाटी सुमारे १५ टक्के जास्त मिळाली. इंजेक्शनची लाट त्यानंतर आली.

‘टकलावरही केस येतात’

पुरुषी पद्धतीच्या टकलात, म्हणजे माथ्यावर आणि कपाळाच्या कोपऱ्यांत केस जातात त्या प्रकारात, डीएचटी नावाचं संप्रेरक काम करत असतं. आनुवंशिकतेने ज्या मुळांना ते सोसत नाही, ती केस वाढण्या-गळण्याच्या दर फेरीला थोडी आखडतात. जाड केसाच्या जागी बारीक, बारकाच्या जागी लव, आणि शेवटी तीही नाही. बायकांमध्येही असं होतं. तिथे कोपऱ्यांऐवजी मधला भांग रुंद होत जातो.

पीआरपी काही करू शकत असेल तर ते आखडलेल्या, पण अजून जिवंत असलेल्या मुळांसाठी. ज्या जागी कातडी गुळगुळीत, चकचकीत होऊन वर्षं लोटली, तिथे चालना द्यायला मूळच शिल्लक नसतं. तिशीच्या आतबाहेर, केस विरळ व्हायला लागून दोन-चार वर्षं झाली आहेत, अशा माणसाला फायद्याची शक्यता आहे. पन्नाशीत पूर्ण टक्कल पडलेल्या माणसाला पीआरपीचं पॅकेज विकणं ही माझ्या मते सरळ फसवणूक आहे.

‘अभ्यासांनी सिद्ध झालंय’

इथे जरा थांबावं लागेल, कारण जाहिरातीत ‘क्लिनिकली प्रूव्हन’ हे दोन शब्द फार सहज छापले जातात.

पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी २०१४ मध्ये ११ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिने औषधं घेऊनही फरक न पडलेल्या या रुग्णांना दर दोन आठवड्यांनी, चार वेळा पीआरपी दिलं गेलं. दर चौरस सेंटीमीटरमधल्या केसांच्या पुंजक्यांची सरासरी ७१ वरून ९३ वर गेली. आकडा आशादायक आहे. पण रुग्ण ११ आणि तुलनेसाठी दुसरा गट नाही. सुई टोचल्यानेच फरक पडला, की आतल्या द्रवाने, हे अशा अभ्यासातून कळत नाही. ही शंका किरकोळ नाही. बारीक सुयांनी कातडीला टोचण्याचाही केसांवर परिणाम होत असल्याचं इतर अभ्यासांत दिसलं आहे.

म्हणून तुलना लागते. अशा चाचणीत डोक्याचा अर्धा भाग किंवा एक चौकोन पीआरपीसाठी ठेवतात, दुसऱ्यात नुसतं सलाईन टोचतात, आणि केस मोजणाऱ्याला कोणत्या बाजूला काय दिलं ते सांगत नाहीत. सलाईनशी तुलना करणाऱ्या तीन चाचण्या २०१६ या एकाच वर्षी प्रसिद्ध झाल्या. २५ रुग्णांवरच्या चाचणीत पीआरपीच्या बाजूला केसांची दाटी वाढलेली दिसली. इराणमध्ये १७ पुरुषांवर झालेल्या चाचणीत सलाईन आणि पीआरपी यांत फरकच आढळला नाही. २६ स्त्रियांवरच्या चाचणीत एकदाच इंजेक्शन दिलं होतं, तिथेही केसांच्या मोजणीत ठोस फरक नव्हता.

त्यानंतर बरेच अभ्यास झाले. ते सगळे एकत्र करून पाहणाऱ्या लेखांचा कल ‘काही प्रमाणात दाटी वाढते’ याच बाजूला आहे. पण त्यातले बहुतेक अभ्यास छोटे, थोड्या महिन्यांचे, आणि प्रत्येकाची कृती वेगळी. कुणी रक्त एकदा फिरवतं, कुणी दोनदा. कुणी महिन्याने सिटिंग देतं, कुणी पंधरवड्याने. साध्या रक्तात दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात आणि पीआरपीत त्या १० लाखांच्या आसपास असाव्यात असं मानलं जातं. पण तुमच्या नळीत किती आहेत, हे बहुतेक ठिकाणी मोजलंच जात नाही. एकाच नावाखाली दहा निरनिराळे द्रव दिले जात असतील तर उत्तरंही दहा येणार. अमेरिकेच्या एफडीएने पीआरपी तयार करणाऱ्या उपकरणांना मान्यता दिली आहे ती मुख्यतः हाडांच्या शस्त्रक्रियांसाठी, केसांसाठी म्हणून नाही.

आणि ते ‘आधी-नंतर’चे फोटो. पुढच्या वेळी असा फोटो नीट पाहा. ‘आधी’मध्ये केस ओले किंवा तेलकट असतात, दिवा थेट डोक्यावर असतो आणि मान खाली झुकलेली असते. ‘नंतर’मध्ये केस वाढलेले, कोरडे, फुगवून विंचरलेले असतात आणि उजेड समोरून येतो. एवढ्यावरच डोकं भरलेलं दिसतं. खरी मोजणी डर्मोस्कोपने, म्हणजे कातडी आणि केस मोठे करून दाखवणाऱ्या भिंगाने होते. त्याच जागेवर, त्याच अंतरावरून, त्याच उजेडात.

‘केस गळतायत ना, मग पीआरपी घ्या’

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. केस गळणं हे लक्षण आहे, तो एक आजार नाही.

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि दिवसाला ५० ते १०० गळणं स्वाभाविक आहे. मोठा ताप, टायफॉइड, डेंग्यू, कोविड, बाळंतपण, मोठं ऑपरेशन किंवा झटपट वजन उतरवणारं डाएट झालं की पुष्कळसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी मुठीमुठीने गळू लागतात. न्हाणीघराच्या जाळीवर केसांचा गोळा पाहून बाळंतीण रडकुंडीला येते. पण बहुतेकांचं हे गळणं सहा महिन्यांत आपोआप थांबतं आणि केस परत येतात. नेमकं याच काळात कुणी पीआरपी घेतलं तर श्रेय सुईला जातं. ‘माझ्या वहिनीला खूप फरक पडला’ अशा अनेक गोष्टींच्या मुळाशी हेच असतं. वहिनी खोटं बोलत नसते. फक्त सुई घेतली नसती तरी तिचे केस आलेच असते.

बाईचे केस विरळ होत असतील तर आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड पाहायला हवं, पाळी अनियमित असेल तर पीसीओएसचाही विचार व्हायला हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांमागे ५७ जणींना रक्तक्षय आढळला. अशा बाईच्याच दंडातून रक्त काढून तिच्याच डोक्यात टोचायचं आणि तिच्या अंगातल्या लोहाकडे पाहायचंही नाही, हे मला अजिबात पटत नाही.

चाई पडते तो प्रकार वेगळा. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते आणि नाण्याएवढे गोल चट्टे पडतात. त्यावर पीआरपीचे प्रयोग झाले आहेत, पण पहिला उपचार अजूनही स्टेरॉइडचाच, आणि छोटी चाई पुष्कळदा आपोआपही भरते. लहान मुलाच्या डोक्यावर खवले आणि खाज असलेला चट्टा असेल तर तो नायटा असू शकतो. त्याला बुरशीविरोधी गोळ्या लागतात.

कारण शोधणं किती महत्त्वाचं असतं, ते २०२४ संपताना आणि २०२५ उजाडताना बुलढाणा जिल्ह्याने दाखवलं. शेगाव तालुक्यातल्या गावांत बायका-पुरुष-मुलांचे केस काही दिवसांत हातात येऊ लागले. आधी शाम्पूवर संशय गेला, मग पाण्यावर. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या रक्तात आणि केसांत सेलेनियम फार वाढल्याचं दाखवलं आणि रेशनच्या गव्हाकडे बोट केलं. अशा माणसांच्या डोक्यात कितीही प्लेटलेट टोचल्या असत्या, तरी विष ताटातूनच येत राहिलं असतं.

‘आपलंच रक्त, मग धोका कसला?’

आपलंच रक्त असल्यामुळे ॲलर्जीची भीती फार कमी, हे खरं. टोचताना दुखतं, दोन-तीन दिवस डोकं जड राहतं, थोडी सूज येते. हे सोसण्यासारखं आहे. धोका रक्तात नसून ते हाताळणाऱ्यांच्या हातात असतो. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात एका विनापरवाना स्पामध्ये पीआरपीचं फेशियल घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाली. एकदा वापरून फेकायच्या वस्तू तिथे पुन्हा वापरल्या जात होत्या आणि रक्ताच्या नळ्यांवर नावं नव्हती. तिथल्या सीडीसी या सरकारी संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये या प्रकरणाचा अहवाल प्रसिद्ध केला. सलूनच्या मागच्या खोलीत पीआरपी घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

प्लेटलेट कमी असतील, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, रक्ताचा आजार किंवा कॅन्सर असेल, डोक्यावर पू किंवा संसर्ग असेल, तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. गरोदरपणात हा उपचार करत नाहीत.

‘एकदा कोर्स केला की औषधं बंद’

डीएचटी पीआरपीने थांबत नाही, त्यामुळे मिळालेला फायदाही कायम राहत नाही. सुरुवातीच्या तीन-चार सिटिंगनंतर दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा जावं लागतं. हा पुढचा खर्च पॅकेज विकताना सहसा सांगितला जात नाही.

पुरुषी टकलासाठी भक्कम पुरावा आहे तो जुन्या दोन औषधांचा. डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल १९८८ मध्ये अमेरिकेत मान्य झालं, फिनास्टेराइडची एक मिलिग्रॅमची गोळी १९९७ मध्ये. दोन्ही मेडिकलमध्ये मिळतात आणि एका सिटिंगच्या पैशांत कितीतरी महिने पुरतात. त्यांनाही मर्यादा आहेत. मिनॉक्सिडिलने पहिले काही आठवडे केस उलट जास्त गळू शकतात आणि घाबरून लोक तेव्हाच ते सोडतात. फिनास्टेराइडने थोड्या पुरुषांत कामेच्छा कमी होते, आणि गरोदर बाईने तर ती गोळी हाताळूही नये. म्हणून दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची. पीआरपीची खरी जागा या औषधांच्या जोडीला आहे, किंवा ज्यांना ती सोसत नाहीत त्यांच्यासाठी.

भाच्याने त्या दिवशी पैसे भरले नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांनी डर्मोस्कोपने डोकं पाहिलं, रक्त तपासायला दिलं आणि सुरुवातीच्या टप्प्यातलं पुरुषी टक्कल असं निदान केलं. औषध सुरू झालं आहे. पीआरपीचा विचार सहा महिन्यांनी, त्याच जागेचे केस पुन्हा मोजून करायचा असं ठरलं.

तुम्हीही पीआरपीला जात असाल तर जरूर जा, पण पैसे भरण्याआधी तीन गोष्टी मागा. तुमच्या केसगळतीच्या कारणाचं नाव डॉक्टरांच्या सहीने लिहिलेला कागद, इंजेक्शन देणाऱ्याची वैद्यकीय पदवी आणि नोंदणी क्रमांक, आणि तुमच्या डोळ्यांसमोर फोडलेली नवी सुई व तुमचं नाव लिहिलेली नळी. यातली एकही गोष्ट द्यायला कुणी टाळाटाळ केली, तर तिथून उठून या.