जुनी वाइन, मोठी बाटली आणि सोळा मापं

उत्तर स्पेनमध्ये एब्रो नदीच्या खोऱ्यात रिओहा हा द्राक्षबागांचा प्रदेश आहे. तिथली लाल वाइन मुख्यतः टेम्प्रानियो या काळ्या द्राक्षापासून करतात. स्पॅनिशमध्ये ‘टेम्प्रानो’ म्हणजे लवकर. हे द्राक्ष लवकर पिकतं, म्हणून हे नाव. वाइन मात्र निवांत तयार होते. लेबलवर ‘ग्रान रेसेर्वा’ लिहिलं असेल, तर ती किमान ५ वर्षं मुरलेली असते. त्यातली किमान २ वर्षं २२५ लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपात आणि किमान २ वर्षं बाटलीत जातात. चांगली ग्रान रेसेर्वा त्यानंतरही वीस-पंचवीस वर्षं टिकते.

या काळात बाटलीत नेमकं काय घडतं? कोवळ्या लाल वाइनचा घोट घेतला की कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आखडते. हा टॅनिनचा परिणाम. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि तोंड कोरडं पडतं. वर्षं सरतात तसे टॅनिन आणि रंगद्रव्यांचे रेणू एकमेकांशी जोडले जातात आणि त्यातले काही गाळ होऊन तळाशी बसतात. तुरटपणा कमी होतो, जांभळट रंग विटकरी होतो. ताज्या फळाच्या वासाची जागा सुकं अंजीर, चामडं, तंबाखू यांच्या वासाने घेतली जाते. रिओहात अमेरिकन ओकची पिंपं पूर्वापार वापरतात, त्यामुळे व्हॅनिला आणि सुक्या खोबऱ्याची झाकही येते.

मोठ्या बाटलीचं कौतुकही विनाकारण नाही. साध्या बाटलीत ७५० मिलिलिटर वाइन असते, ‘मॅग्नम’मध्ये दीड लिटर. वाइन दुप्पट, पण बुचाचा आकार जवळपास तोच. त्यातून झिरपणारा प्राणवायू दुप्पट वाइनमध्ये वाटला जातो, म्हणून मॅग्नममधली वाइन सावकाश मुरते आणि जास्त काळ ताजी राहते. अशी बाटली उघडण्याआधी दिवसभर उभी ठेवावी, म्हणजे गाळ खाली बसतो. मग हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओतावी आणि गाळ दिसू लागताच थांबावं. हा गाळ अपायकारक नसतो, फक्त कडसर लागतो. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा नियम युरोपातल्या गार घरांचा आहे. १६ ते १८ अंश हे योग्य तापमान. आपल्याकडच्या मे महिन्यातली खोली त्यात बसत नाही.

आता डॉक्टर म्हणून सांगायचा भाग. वाइन मुरते तेव्हा टॅनिन मवाळ होतात, अल्कोहोल नाही. ते होतं तेवढंच राहतं. उलट तुरटपणा गेल्यामुळे घोट सहज उतरतो आणि ग्लास लवकर रिकामा होतो. साडेतेरा टक्क्यांच्या मॅग्नममध्ये सुमारे १६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. १० ग्रॅमचं एक माप धरलं, तर ही १६ मापं झाली. दीडशे मिलिलिटरचा एक ग्लास म्हणजे व्हिस्कीचे साधारण दीड छोटे पेग. निरोगी यकृत तासाला ढोबळमानाने ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल हातावेगळं करतं. म्हणजे त्या एका ग्लासालाच दीड ते दोन तास लागतात. कॉफीने किंवा थंड पाण्याच्या अंघोळीने हा वेग वाढत नाही.

‘पण डॉक्टर, रेड वाइन हृदयाला चांगली ना?’ हा प्रश्न नेहमी येतो. त्याचं मूळ १९९२ च्या सुमारास गाजलेल्या ‘फ्रेंच विरोधाभासा’त आहे. स्निग्ध पदार्थ भरपूर खाऊनही फ्रेंचांना हृदयविकार कमी, आणि त्याचं श्रेय वाइनला दिलं गेलं. पुढे त्या प्रकारच्या अभ्यासांतली मेख लक्षात आली. न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही होते. थोडी वाइन पिणारे बहुधा सुस्थितीतले, चांगलं खाणारे, फिरणारे होते. रेस्व्हेरॅट्रॉल या बहुचर्चित घटकाचं म्हणाल, तर लिटरभर वाइनमध्ये तो जेमतेम काही मिलिग्रॅम असतो. प्रयोगांत वापरलेल्या मात्रा त्याच्या कितीतरी पट होत्या. दुसरीकडे, मद्य कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवलं आहे. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्तन या अवयवांना हा धोका आहे. वाइन महाग, जुनी किंवा स्पॅनिश असल्याने तो टळत नाही.

म्हणून औषध समजून वाइन सुरू करू नये. जे पीत नाहीत त्यांचं काही बिघडत नाही. गर्भवती, यकृताचे रुग्ण आणि व्यसनातून बाहेर पडलेले यांनी एक घोटही घेऊ नये. झोपेच्या गोळ्या, इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या, वॉरफेरिन, मेट्रोनिडाझोल घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. गाडी चालवणाऱ्याने ग्लास हातातच घेऊ नये.

ज्यांना आस्वाद घ्यायचाच आहे, त्यांनी रिओहाच्या लोकांची एक चांगली सवय उचलावी. तिथे वाइन जेवणासोबत असते, कोकराच्या भाजलेल्या बरगड्यांबरोबर, गप्पा मारत. मॅग्नम ही दोघांची बाटली नाही. ती दहा जणांच्या पंगतीला उघडावी. प्रत्येकाला एक ग्लास मिळतो, वीस वर्षांच्या मुरण्याची चव सर्वांना कळते आणि दुसऱ्या ग्लासाचा प्रश्न बाटलीच सोडवते.