अंधारातलं डुक्कर आणि चारावर बावीस शून्यं

मुडबी हे बिदर-कलबुर्गीच्या शिवेवरचं, बसवकल्याण तालुक्यातलं गाव. तूर शेंगांवर आली की शिवारात जागल सुरू होते, कारण रानडुकरं येतात ती रात्रीच. अमावस्येला शेजारी बसलेला माणूस दिसत नाही, तर डुक्कर काय दिसणार? पण उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणीला ते लख्ख दिसतं. ते झगमगतच असतं, फक्त आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी!

किती किरण? चला, मोजू. अंगाच्या एका चौरस मीटरमधून एका सेकंदात निघणारे प्रकाशकण म्हणजे सुमारे चारावर बावीस शून्यं. 40 कोटी कोटी कोटी. काही बोध होत नाही ना? मग एक कण म्हणजे ज्वारीचा एक दाणा धरा. वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल विहीर काठोकाठ भरा. साधारण 900 कोटी दाणे मावले. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला एकेक देऊन वर उरतील. आणि अशा विहिरी लागतील साडेचार लाख कोटी! विहिरीला विहीर खेटून उभ्या-आडव्या सरळ रांगांत खणली, तरी सगळ्या खंडांची जमीन पुरणार नाही. बरं, खणणं सोडा, नुसतं पसरू. अख्खा महाराष्ट्र आणि अख्खं कर्नाटक मिळून पाच लाख चौरस किलोमीटर. त्यावर ज्वारीचा थर तीन किलोमीटरहून उंच! 1,646 मीटरची कळसूबाई कुठल्या कुठे गडप. आणि हे पीक एका सेकंदाचं!

हे प्रकाशकण टिपणारी दुर्बिणीतली चिप मात्र नखाएवढी. चांगल्या चिपवर 640 गुणिले 512, म्हणजे 3,27,680 ठिपके. सेकंदाला 50 चित्रं धरली तर जवळजवळ 1 कोटी 64 लाख नोंदी. आठ तासांच्या जागलीत 47 हजार कोटी! नोंदीला रुपया मिळाला, तर मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा 1 लाख 8 हजार कोटींचा मूळ अंदाजखर्च तिसऱ्या रात्री वसूल.

दुर्बिणीची नजरही केवढी बारीक! तापमानातला अंशाच्या चाळिसाव्या भागाचा फरक ओळखते. शून्य अंश मुंबईला आणि सूर्याच्या पृष्ठभागाचे साडेपाच हजार अंश पुण्याला ठेवा. 192 किलोमीटरच्या या लोहमार्गावर डुकराचे 39 अंश मस्जिद स्थानकाच्या आसपासच येतात, आणि दुर्बिणीला कळणारा फरक म्हणजे जेमतेम एक पाऊल.

डुकरांचा हा त्रास फक्त मुडबीला नाही. अमेरिकेत रानटी डुकरं साठ लाखांच्या घरात, नुकसान वर्षाला किमान दीड अब्ज डॉलर, म्हणजे बारा हजार कोटी रुपयांहून जास्त. टेक्सासमध्ये अशा दुर्बिणी बंदुकीवर चढवून रात्री शिकार चालते. मुडबीच्या शिवारात तसं करायला जाऊ नका. दुर्बीण काहीही दाखवो, परवानगीशिवाय रानडुक्कर मारणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तुरुंगात नेणारा गुन्हा आहे.