विल्टशरमध्ये आणखी काय पाहाल?

स्टोनहेंज पाहाच, पण तिथल्या शिळा एरवी दोरीबाहेरूनच न्याहाळाव्या लागतात. एव्हबरीला मात्र त्यांना खुशाल हात लावा. गावाचा काही भाग त्या प्रचंड शिळावर्तुळातच वसला आहे.

सॉल्सबरी कॅथीड्रलचा १२३ मीटरचा मनोरा ब्रिटनमधल्या चर्चमनोऱ्यांत सर्वांत उंच. आतलं घड्याळ १३८६च्या सुमाराचं मानतात. त्याला तबकडी नाही, काटे नाहीत, फक्त तासाचे टोल. चॅप्टर हाउसमध्ये १२१५चा मॅग्ना कार्टा; उरलेल्या चार मूळ प्रतींपैकी एक.

वेळ कमी असला तरी लेकॉक ॲबी चुकवू नका. इथल्या खिडकीचं छायाचित्र फॉक्स टॅल्बट यांनी १८३५मध्ये घेतलं. त्याची जेमतेम टपाल तिकिटाएवढी निगेटिव्ह आज उपलब्ध निगेटिव्हमध्ये सर्वांत जुनी. ती खिडकी आजही तिथेच पाहता येते.